एअर विंगची तीन वर्षं: भरतीच्या रांगेपासून गणवेश परत करेपर्यंत

जुलै महिना. कॉलेजच्या मैदानावर रिमझिम चालू असते आणि एनसीसीच्या खोलीसमोर भरतीची रांग लागलेली असते. एअर विंग, म्हणजे एनसीसीची हवाई शाखा, म्हटलं की रांगेतल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: आपण विमानात बसलोय. दिवाळीनंतर त्याच मैदानावर गेलं की रांग बरीच आखडलेली दिसते. गळालेली मुलं आळशी नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्या वाट्याला सावधान-विश्राम, बुटांचं पॉलिश आणि फळ्यावरच्या आकृत्या आल्या. ही वाट विमानापर्यंत कशी पोचते, हे त्यांना कुणी उलगडून सांगितलं नाही. मी तीन वर्षं एअर विंगचा कॅडेट होतो आणि आता रविवारी जमेल तसा नव्या मुलांना ड्रिल आणि मॉडेलिंग शिकवायला जातो. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

आधी कॉलेज, मग फॉर्म

एअर विंगशी महाराष्ट्राचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. एनसीसीचा कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५० ला एअर विंग सुरू झाली ती दोनच स्क्वॉड्रननिशी (स्क्वॉड्रन म्हणजे एअर विंगचं युनिट), एक मुंबईत आणि एक कोलकात्यात. आज आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि पुण्यात एअर स्क्वॉड्रन आहेत आणि ठरावीक शाळा-कॉलेजंच त्यांना जोडलेली आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी आर्मी विंगच्या बटालियन भेटतील. गोव्यातल्या मुलांचा कारभार कर्नाटक-गोवा संचालनालयाकडे असतो.

म्हणून पहिली पायरी फॉर्म नव्हे, चौकशी. कॉलेजात प्रवेश घेण्याआधी तिथे एनसीसी आहे का, आणि असल्यास कुठली विंग, हे ऑफिसात विचारा. प्रवेश झाल्यावर विंग बदलून मागणारी मुलं दर वर्षी भेटतात आणि त्यांना नाही म्हणावं लागतं.

शाळेतला विभाग ज्युनिअर: मुलांसाठी ज्युनिअर डिव्हिजन, मुलींसाठी ज्युनिअर विंग. वय १२ ते साडेअठरा, मुदत दोन वर्षं, शेवटी ए प्रमाणपत्र. कॉलेजातला सिनिअर विभाग तीन वर्षांचा, वयाची मर्यादा २६. दुसऱ्या वर्षानंतर बी आणि तिसऱ्यानंतर सी प्रमाणपत्राची परीक्षा. शाळेत एनसीसी नव्हती म्हणून कॉलेजात अडत नाही.

भरतीच्या दिवशी धावणं, उंची, थोडी तोंडी विचारपूस आणि वैद्यकीय तपासणी होते. आधार, बोनाफाईड, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि पालकांची संमती आधीच तयार ठेवा. धावण्याची भीती वाटत असेल तर जूनपासून आठवड्यातून चार दिवस दोन किलोमीटर पळा, वेगाची काळजी करू नका. मुलाखतीत “का यायचंय?” असं विचारतात. पाठ केलेलं देशभक्तीपर उत्तर समोरचे सर शेकडो वेळा ऐकून असतात. विमान आवडतं म्हणून यायचं असेल तर तसंच सांगा.

आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो की मुलाला पुढे फौजेत जावंच लागेल का. नाही. कॅडेटवर सैनिकी सेवेचं कुठलंही बंधन नसतं, तसं कायद्यातच आहे.

पहिले तीन महिने: मैदान

मैदानावर तीन प्रकारची माणसं भेटतात. एएनओ, म्हणजे तुमच्याच कॉलेजातले प्राध्यापक, ज्यांनी एनसीसीचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. पीआय स्टाफ, म्हणजे स्क्वॉड्रनमधून येणारे वायुसेनेचे प्रशिक्षक. आणि सिनिअर कॅडेट: कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, अंडर ऑफिसर. हजेरी, कपडे, रजा यांच्या अडचणी आधी सिनिअरला सांगा, मग एएनओंना. थेट स्क्वॉड्रनच्या कमांडिंग ऑफिसरपुढे जायचं नसतं.

ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये ३० अंशांचा कोन, विश्राममध्ये दोन टाचांत १२ इंच अंतर. तेज चलमध्ये पाऊल ३० इंचांचं. हे आकडे पाठ करून पाय हलत नाहीत. घरी फरशीवर खडूने रेघा मारून सराव करा. दहा मिनिटं रोज पुरतात. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा गोंधळ “पीछे मुड़” ला होतो, कारण वजन कुठल्या टाचेवर घ्यायचं हे मनात ठरलेलं नसतं. उजव्या टाचेवर आणि डाव्या पंजावर वळायचं, उजवीकडून, आणि वळताना कंबर-खांदे एकत्र न्यायचे. आरशासमोर सावकाश वीस वेळा केलं की शरीराला कळतं.

उपाशीपोटी परेडला जाऊ नका. पहिल्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या तयारीत मी सकाळी नुसता चहा घेऊन गेलो आणि सावधानमध्ये उभा असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. पडलो, हनुवटी फुटली, दोन टाके पडले. तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला मी हेच आधी विचारतो: खाऊन आलास का? दोन पोळ्या, केळं, गूळ-शेंगदाणे, काहीही चालेल. उभं असताना गुडघे ताठ कुलूप लावल्यासारखे ठेवू नका, आणि बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा. चक्कर येतेय असं वाटलं तर खाली बसा. त्यात कुणी कमीपणा मानत नाही.

गणवेश सरकारी मिळतो आणि तो परत करायचा असतो, हे पहिल्या दिवशीच लक्षात ठेवा. मापात बसत नसेल तर तो कापून बारीक करू नका, आत दुमडून हातशिलाई घाला. बेरेटला, म्हणजे गणवेशाच्या मऊ गोल टोपीला, आकार आणायला ती कोमट पाण्यात भिजवा, पिळा, डोक्यावर चढवा, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आणा, उजवीकडचं कापड खाली दाबून बसवा आणि वाळेपर्यंत तशीच घालून बसा. एका बसण्यात होत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. बुटांना पॉलिशचा जाड थर देऊ नका. कापसाचा बोळा थेंबभर पाण्यात बुडवून अगदी थोडं पॉलिश घ्या आणि छोटे छोटे गोल फिरवत राहा. नवे बूट परेडच्या आधी आठवडाभर घरात घालून फिरा, टाचेला आत खोबरेल लावा.

हजेरीचं गणित मात्र काटेकोर आहे. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. वर्षात समजा ४० परेड झाल्या तर तुमच्याकडे फक्त दहा सुट्ट्या आहेत, आणि त्यातल्या पाच-सहा आजारपण, लग्नं, कॉलेजच्या परीक्षा खाऊन टाकतात. स्वतःच्या वहीत तारखा लिहा. फेब्रुवारीत हजेरीपट पाहून रडणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मॉडेलिंगचं टेबल

माझ्या मते एअर विंगचं खरं काळीज इथे आहे. वर्गात उड्डाणाची तत्त्वं शिकवतात: वर उचलणारी लिफ्ट, खाली ओढणारं वजन, पुढे ढकलणारा थ्रस्ट, मागे खेचणारा ड्रॅग. बाणांची आकृती वहीत उतरवून काही कळत नाही. बाल्साच्या लाकडाचं एक ग्लायडर स्वतः केलंत की कळतं. म्हणून स्क्वॉड्रनकडून सामान येण्याची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात घरी एक हाताने फेकायचं ग्लायडर करा.

पंखांचा विस्तार एक फूट धरा. पंखाला साधारण ३ मिलिमीटर जाडीची बाल्सा, शेपटीला त्याहून पातळ, मधल्या दांड्याला त्याहून जाड. कापताना लाकडाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने येऊ द्या, आडवे आले तर पंख पहिल्याच फेकीत मोडतो. पात्याने एका दमात कापू नका, हलक्या हाताने चार-पाचदा रेघ ओढा. मग पॉलिश पेपरने पंखाची पुढची कड गोलसर करा आणि मागची कड निमुळती. वरची बाजू किंचित फुगीर, खालची सपाट.

आता पंख मधोमध कापून दोन भाग करा आणि दोन्ही टोकं एकेक इंच वर उचललेली राहतील असे मध्यभागी चिकटवा. या उचलीला डायहेड्रल म्हणतात. ग्लायडर एका बाजूला कलला की हीच उचल त्याला सावरून सरळ करते. फेव्हिकॉल चालेल, पण रात्रभर वाळू द्या. घाईने उचललेले पंख वाकडे बसतात आणि मग कितीही दुरुस्ती करा, ग्लायडर एकाच बाजूला वळत राहतं.

सगळं जोडून झालं की पंखाच्या रुंदीच्या एक तृतीयांशावर, पुढच्या कडेपासून मोजून, दोन्ही बाजूंना खुणा करा. त्या खुणांखाली बोटांची टोकं धरून ग्लायडर तोला. शेपूट खाली गेली तर नाकावर खेळण्यातल्या मातीची गोळी लावत जा, समतोल येईपर्यंत.

उडवायला सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो. खांद्याच्या उंचीवरून, नाक अगदी किंचित खाली ठेवून, हळूच सोडा. जोर लावू नका. ग्लायडर नाक वर करून थांबलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं, असं लाटा खात गेलं तर नाकावर माती वाढवा. सरळ जमिनीत घुसलं तर माती कमी करा. डावीकडे-उजवीकडे वळत असेल तर पंख पिळला आहे का ते समोरून एक डोळा मिटून बघा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. दहाव्या-बाराव्या फेकीला ते तुमच्या हातातून सुटेल आणि मैदानभर शांतपणे तरंगत जाईल. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हा प्रश्न त्यानंतर परीक्षेत कुणी विचारला तर उत्तर पाठ करावं लागत नाही.

पुढची पायरी कंट्रोल लाईन. यात छोटं इंजिन बसवलेलं मॉडेल दोन पोलादी तारांवर तुमच्याभोवती गोल उडतं. हातातल्या हँडलने फक्त वर आणि खाली करता येतं. इथे चक्कर येणं स्वाभाविक आहे. नजर मॉडेलवरून हलवू नका, मागचं मैदान पाहू नका. इंजिन सुरू करताना उघड्या बोटाने पंखा फिरवू नका, काठी वापरा किंवा जाड हातमोजा घाला. वर्तुळाच्या आत दुसरं कुणी नसावं. विजेच्या तारा जवळ असतील त्या मैदानावर उडवूच नका, तार तिथे टेकली तर जीव जातो. रेडिओवर चालणारी मॉडेलं त्यानंतर येतात, आणि ती हातात मिळायची असतील तर आधीच्या दोन पायऱ्यांवर तुमचं काम नजरेत भरलेलं असावं लागतं. ऑल इंडिया वायु सैनिक कॅम्पसाठी निवड करताना हेच पाहतात, कारण तिथे मॉडेलिंगच्या स्पर्धा असतात. त्यांच्या जोडीला स्कीट शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम) आणि राहण्याची जागा नीटनेटकी ठेवण्याची स्पर्धाही असते.

विमानात बसण्याचा दिवस

एनसीसीकडे सध्या व्हायरस एसडब्ल्यू ८० हे मायक्रोलाईट, म्हणजे अगदी हलकं, छोटं विमान आहे. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं. वायुसेनेत आणि एनसीसीत त्याला गरुड म्हणतात. दोन माणसं शेजारीशेजारी बसतात, पंख डोक्याच्या वर, इंजिन ८० अश्वशक्तीचं. तुमच्याबरोबर वायुसेनेचा वैमानिक असतो.

स्पष्ट सांगतो: वाट्याला येणारा वेळ थोडा असतो. पाऊस, धुकं, वारा, विमानाची देखभाल, धावपट्टीवरची वर्दळ, यातल्या कशानेही त्या दिवसाचं उड्डाण रद्द होतं. एकदा आम्ही पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत थांबून परत आलो होतो. म्हणून नाव लागलं की ती मिनिटं वाया जाऊ नयेत अशी तयारी करून जा.

आदल्या रात्री लवकर झोपा. सकाळी हलकं खा, तळलेलं नको. पालकांचं संमतिपत्र आणि वैद्यकीय दाखला फाईलमध्ये ठेवा. खिशात पेन, नाणी, किल्ल्या काही नको. केस बांधलेले, बूट घट्ट. सर्दीने कान बंद असतील तर खरं सांगा, नंबर पुन्हा येतो.

वैमानिक विमानाभोवती फिरून तपासणी करतात तेव्हा परवानगी घेऊन मागे मागे फिरा. इंधन, चाकं, पंखांच्या हलत्या पट्ट्या, वेग मोजणाऱ्या नळीवरचं झाकण काढलंय का, हे सगळं ते हात लावून पाहतात. धावपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा शोधा. पुण्यात लोहगावला १० आणि २८ दिसतात, नागपुरात १४ आणि ३२. शेवटी एक शून्य जोडलं की त्या दिशेचे होकायंत्रावरचे अंश मिळतात: १० म्हणजे १०० अंश, २८ म्हणजे २८० अंश. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि उतरतं, म्हणून वारा बघून दोन टोकांपैकी एक निवडतात. वाऱ्याची पिशवी कुठे फडफडतेय ते पाहा आणि कुठलं टोक वापरतील ते मनात ठरवा. बरोबर आलं तर त्या आनंदाला तोड नाही.

वर गेल्यावर खाली घरं शोधत बसू नका, पहिली दोन मिनिटं क्षितिजाकडे पाहा. विमानाचं नाक क्षितिजाच्या किती खाली दिसतं ते ध्यानात ठेवा. वैमानिकांनी विमान चालवायची काठी हातात दिली तर दोन बोटांनी धरल्यासारखी हलकी धरा. नवा माणूस मूठ आवळतो आणि विमान हेलकावे खातं. वर्गात शिकलेलं धावपट्टीभोवतीचं सर्किट, म्हणजे वाऱ्यासमोर, आडवा टप्पा, वाऱ्याच्या दिशेने, बेस आणि शेवटचा सरळ टप्पा, आता खिडकीतून दिसेल. प्रत्येक वळणाला नाव मनात म्हणा. उतरलात की कुणाशी गप्पा मारण्याआधी वहीत पाच ओळी लिहा. मी माझ्या पहिल्या उड्डाणानंतर लिहिलेलं पान अजून जपून ठेवलं आहे. त्यात एक ओळ आहे, “पंख कललाय तरी पोटात काहीच कळत नाही.” ग्लायडरच्या डायहेड्रलपासून सुरू झालेली गोष्ट मला त्या वाक्यापाशी पोचलेली वाटते.

कॅम्पचे दहा दिवस

वार्षिक प्रशिक्षण कॅम्प साधारण दहा दिवसांचा. बी प्रमाणपत्राला एक, सी ला दोन कॅम्प लागतात, तेव्हा पहिला शक्यतो पहिल्याच वर्षी करून टाका. तिसऱ्या वर्षी पदवीच्या परीक्षा आणि कॅम्प हमखास एकमेकांवर येतात.

पेटीत काय न्यायचं: स्वतःची थाळी, वाटी, मग, बादली, मच्छरदाणी, दोन कुलपं, बॅटरी, सुई-दोरा, सेफ्टी पिना, सुतळी, सुती मोज्यांचे पाच-सहा जोड, नेहमीची औषधं. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव. दागिने आणि महागडा फोन घरी.

दिवस पहाटे सुरू होतो: फॉल-इन, पीटी, नाश्ता, ड्रिल, वर्ग, दुपारचं जेवण, खेळ, संध्याकाळची हजेरी, सांस्कृतिक कार्यक्रम, दिवे बंद. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घरची आठवण येते. पाचव्या दिवशी ती जाते. रात्रीच्या संत्री ड्यूटीला नाव लागलं तर तक्रार करू नका. परभणीचा, वसईचा आणि गोंदियाचा असे तिघं एका झाडाखाली दोन तास जागत बसले की मैत्री होते ती पुढे टिकते.

चुकलं की शिक्षा मिळते, त्याला मुलं रगडा म्हणतात. मैदानाला फेरी, दहा-वीस दंड, इथपर्यंत ठीक. त्यापुढे कुणी अंगाला हात लावला, अपमान केला, आजारी असताना पळायला लावलं तर त्याच दिवशी एएनओंना सांगा. मुलींबरोबर महिला अधिकारी किंवा प्रशिक्षिका असते, तिच्याकडे थेट जा. गप्प राहणं शिस्तीत मोडत नाही.

फायरिंग .२२ (पॉइंट टू-टू) रायफलने होतं. नळी नेहमी लक्ष्याकडे, हुकूम मिळेपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर. मधोमध मारायची धडपड करू नका. पाचही गोळ्या एकाच ठिकाणी, जवळजवळ पडल्या पाहिजेत, मग ते ठिकाण कुठे का असेना. अर्धा श्वास सोडा, थांबा, घोडा हळूहळू दाबा.

सी प्रमाणपत्र आणि पुढे

लेखी, ड्रिल, शस्त्र आणि एअर विंगचे खास विषय यांची परीक्षा होते. तीन वर्षं वही नीट ठेवली असेल तर महिनाभर पुरतो.

फ्लाइंग शाखेत जायचं स्वप्न असेल त्यांनी एक गोष्ट अकरावीतच पक्की करावी. सिनिअर एअर विंगच्या सी प्रमाणपत्रावर वायुसेनेत फ्लाइंग शाखेसाठी एनसीसी स्पेशल एंट्री असते, तिला एएफकॅट ही वायुसेनेची लेखी प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही, थेट एएफएसबीच्या, म्हणजे वायुसेनेच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला बोलावणं येतं. पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, दोन्हींत किमान ५० टक्के, आणि पदवीला ६० टक्के. अकरावीत गणित सोडलेली हुशार मुलं तिसऱ्या वर्षी हे ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नाही. वैमानिकांसाठीची संगणकावरची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून कच्च्या तयारीने जाऊ नका. डोळे आधी चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

ज्यांना फौजेत जायचं नाही तेही तितकेच कॅडेट आहेत. माझ्या तुकडीतला एक जण आज हवामानशास्त्र शिकवतो, एक जण शेती करतो आणि गावातल्या मुलांना ग्लायडर करून देतो.

शेवटच्या परेडनंतर गणवेश जमा करायचा असतो. धुऊन, इस्त्री करून, घातलेली हातशिलाई उसवून न्या. बेल्टचं बक्कल घासा. बेरेट सपाट करू नका, आकारात राहू द्या. पुढच्या जुलैत ती रांगेतल्या कुणाच्या तरी डोक्यावर बसेल आणि त्याचा एक भिजवण्याचा खटाटोप वाचेल. यादीवर सही झाली की पावती मागून घ्या, प्रमाणपत्र देताना ती पाहतात.